नाकाचे आकार (मराठी वर्णनशब्द)

मानवी नाकाची ठेवण सांगणारी मराठी विशेषणे. त्यांपैकी काही विशेषणे फुले, पक्षी यांच्या उपमांतून आली आहेत. सोनचाफ्याच्या कळीसारखे सरळ, निमुळते ते ‘चाफेकळी’, उंच, रेखीव ते ‘धारदार’ किंवा ‘तरतरीत’, राघूच्या चोचीप्रमाणे शेंड्याशी वाकलेले ते ‘पोपटनाक’ (संस्कृत ‘शुकनास’, मंदिरशिखराच्या दर्शनी उठावालाही हीच संज्ञा आहे). आखूड नाक ‘अपरे’, दबलेले ‘बसके’ वा ‘चपटे’, पसरट नाकपुड्यांचे ‘फेंदरे’. ‘नकटे’ म्हणजे मुळात कापलेले. पुढे त्याचा अर्थ बसके, आखूड असा झाला. ‘नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्ने’ ही म्हण सौंदर्यविषयक पूर्वग्रहाची साक्ष देते.

मानवमितीत (मानवी शरीराच्या मोजमापाच्या शास्त्रात) नाकाची रुंदी भागिले उंची गुणिले १०० म्हणजे ‘नासिका निर्देशांक’. साधारणतः जिवंत व्यक्तींत ७० पेक्षा कमी असल्यास अरुंद, ७० ते ८५ मध्यम, त्याहून अधिक असल्यास रुंद नाक मानतात. ब्रिटिश प्रशासक हर्बर्ट रिस्ले यांनी १८९१ मध्ये या निर्देशांकाचा संबंध जातींच्या उतरंडीशी जोडला. समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये यांनी १९३२ च्या ग्रंथात त्याची चिकित्सा करून तो संबंध सर्वत्र टिकत नसल्याचे दाखवले.