आधी दवाखाना, मग पिंजरा

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ साली झाला. पुढच्याच वर्षी, २३ डिसेंबर १९७३ रोजी, भामरागडजवळ हेमलकसा इथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. तेव्हा गडचिरोली हा जिल्हाच अस्तित्वात नव्हता. हा सगळा मुलूख चंद्रपूर जिल्ह्यात मोडत होता, तो वेगळा झाला २६ ऑगस्ट १९८२ ला. पावसाळ्यात इंद्रावती, पर्लकोटा आणि पामुलगौतम या नद्या भरून वाहू लागल्या की इथल्या गावांचा बाकीच्या जगाशी संबंध तुटायचा. दिल्लीत झालेला कायदा इथल्या माडिया गोंडांना कोण सांगणार होतं? आणि सांगितला असता, तरी रिकाम्या पोटाने तो किती दिवस पाळला गेला असता?

जंगलातलं जनावर वाचवायचं कसं, या प्रश्नाचं एक उत्तर कायद्याने दिलं. दुसरं उत्तर हेमलकसाला हळूहळू घडत गेलं. ते देणारा माणूस प्राणिशास्त्रज्ञ नव्हता, डॉक्टर होता.

डॉ. प्रकाश आमटे यांनी नागपूरच्या मेडिकल कॉलेजातून एमबीबीएस केलं. शल्यचिकित्सेचं पुढचं शिक्षण अर्धवट सोडून ते हेमलकसाला आले. सोबत पत्नी डॉ. मंदाकिनी होत्या, भूलतज्ज्ञ. वडील बाबा आमटे यांनी वरोऱ्याला कुष्ठरुग्णांसाठी आनंदवन उभं केलं होतंच. पण आनंदवनाचा अनुभव इथे फारसा कामाचा नव्हता. लोक बाहेरच्या माणसाला पाहूनच पळायचे. भाषा वेगळी, वीज नाही, धड रस्ता नाही. आधी माडिया भाषा शिकावी लागली. मग कुणी भाजलेला, कुणी अस्वलाने फाडलेला, कुणी मलेरियाने बेशुद्ध झालेला माणूस यायला लागला. कंदिलाच्या उजेडात शस्त्रक्रिया झाल्या. बरा झालेला रुग्ण गावी परतला की पुढचे चार घेऊन यायचा. विश्वास असा एकेका रुग्णागणिक जमा होत गेला.

आणि मग माकडाचं ते पिल्लू आलं. शिकारी मारलेली माकडीण घेऊन निघाले होते आणि पिल्लू अजून तिच्या छातीला बिलगून होतं. आमट्यांनी ते मागून घेतलं, बदल्यात धान्य दिलं. पिल्लाचं नाव ठेवलं बाबली. आज ज्याला 'आमटेज अ‍ॅनिमल आर्क' म्हणतात, त्या प्राण्यांच्या अनाथालयाची सुरुवात ही.

डॉक्टरांनी त्या वेळी काय केलं नाही, तेही पाहायला हवं. त्यांनी शिकाऱ्यांना उपदेश केला नाही. वनखात्याकडे तक्रार नेली नाही. माकडीण मारली ती खाण्यासाठी, हे त्यांना दिसत होतं. मग सांगणं सुरू झालं ते एवढंच: पिल्लं मारू नका, आमच्याकडे आणून द्या. लोकांनी ते ऐकलं, कारण सांगणारा माणूस त्यांच्या मुलांना मरणाच्या दारातून परत आणत होता. पुढे बिबट्या, अस्वलं, तरस, हरणं, मगरी, साप असे कितीतरी जीव इथे आले. विलास मनोहर यांच्या 'नेगल' या पुस्तकामुळे त्यातला एक बिबट्या मराठी घराघरांत पोहोचला. त्याच काळात शाळा निघाली, भाजीपाल्याची शेती शिकवली गेली. ताटात दुसरं काही पडू लागलं, तशी शिकारीची गरजही कमी होत गेली.

आता थोडं मागे जाऊ. चंद्रपूरच्या जंगलात साहेबलोकांनी आणि संस्थानिकांनी शिकारी केल्या त्या भुकेपोटी नव्हत्या. त्यांना हवी होती भिंतीवर लावायला कातडी. ताडोबात शिकारबंदी आली १९३५ साली, राष्ट्रीय उद्यान झालं १९५५ साली. शौकाच्या शिकारीचा तो हिशेब कुणी कुणाला मागितला नाही. 'रानटी' हे विशेषण मात्र धनुष्यबाण घेतलेल्या आदिवासीच्या वाट्याला आलं.

भूक माणसाला काय करायला लावते, याचं सर्वांत प्रसिद्ध उदाहरण जंगलातलं नाहीच, बर्फातलं आहे. रोआल्ड अमुंडसेन १४ डिसेंबर १९११ रोजी दक्षिण ध्रुवावर पोहोचला. निघताना त्याच्याबरोबर ५२ कुत्रे होते, परतले ११. बाकीच्यांपैकी बहुतेक वाटेत मारले गेले. ठरवून मारले आणि माणसांनी व उरलेल्या कुत्र्यांनी खाल्ले. त्यासाठी नॉर्वेच्या लोकांना कुणी क्रूर जमात ठरवलं नाही. अंटार्क्टिकावरून कुत्रे कायमचे हटवले गेले ते १९९१ च्या माद्रिद करारानंतर, १९९४ साली. त्यामागचं कारणही दया नव्हतं. कुत्र्यांचे रोग तिथल्या सीलना होतील, ही भीती होती. आणि तोवर त्यांचं काम करायला यंत्रं आलेली होती. सगळी साधनं हाती असलेल्या शास्त्रज्ञांना इतका वेळ लागला. मग माडियांकडून ते एका दिवसात का मागायचं?

हेमलकसाची गोष्ट इथेच गोड शेवटावर संपत नाही. १९९१ च्या दुरुस्तीने प्राणी पाळणाऱ्या संस्थांना केंद्रीय मान्यतेची अट आली. पुढे केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने इथल्या पिंजऱ्यांबद्दल, प्राण्यांना हाताळण्याबद्दल प्रश्न उभे केले. डॉक्टरांवर प्रेम करणाऱ्यांना ते लागलं. पण आक्षेप पोकळ नव्हते. माणसाच्या हातून वाढलेला बिबट्या जंगलात परत जाऊ शकत नाही, आणि बिबट्याच्या अंगावर हात ठेवलेला फोटो पाहून कुणाला वाटू शकतं की हे आपल्यालाही जमेल. मात्र हे पिंजरे शौकापायी बांधले गेले नव्हते. ती पिल्लं जंगलात राहण्याची शक्यता आईबरोबरच संपलेली होती. नियमांना हा इतिहास माहीत असायला हवा, आणि संस्थेने नियम पाळायला हवेत. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

आज हा प्रश्न उलट्या बाजूने उभा आहे. चंद्रपूर जिल्ह्यात वाघ वाढले, याचा आपल्याला अभिमान वाटतो. पण पहाटे मोहफुलं वेचायला किंवा उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेली बाई परत येत नाही, तेव्हा ती बातमी शहरात दोन ओळींची असते. जिप्सीतून वाघाचा फोटो काढणाऱ्याचं प्राणीप्रेम त्या घरापर्यंत पोहोचत नाही. आणि दुसरीकडे प्राणीप्रेमाच्याच नावाखाली दुसऱ्याच्या ताटात डोकावण्याची सवय वाढत चालली आहे. कोण काय खातो, यावरून त्याची माणुसकी मोजली जाते. हे मोजमाप आदिवासींनी फार आधीपासून सोसलं आहे, आणि या ब्लॉगच्या अनेक वाचकांनाही ते नवं नाही.

प्रकाश आणि मंदाकिनी आमटे यांना २००८ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तो प्रामुख्याने माडियांमधल्या कामासाठी. प्राण्यांचं अनाथालय त्या कामाच्या पोटातूनच वाढलं. हेमलकसाला आधी दवाखाना आला, मग शेती आणि शाळा, आणि त्यांच्याबरोबरीने पिंजरे. आज जिथे जिथे वाघ आणि गावकरी समोरासमोर आले आहेत, तिथे कामाचा क्रम हाच ठेवला, तर वाघासाठी वेगळी विनवणी करावी लागणार नाही.