परमुलखातले पान : ज्यू वाटसरू आणि त्याचे यजमान

‘वार लावून जेवणे’ हा शब्दप्रयोग आपल्यापैकी अनेकांनी घरातल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकला असेल. शिकायला परगावी आलेला गरीब मुलगा सोमवारी एका घरी जेवे, मंगळवारी दुसऱ्या. नेमकी हीच रीत पूर्व युरोपातल्या ज्यू पाठशाळांमध्येही होती. यिद्दिश भाषेत तिला ‘एसन टेग’ म्हणत, म्हणजे शब्दशः ‘दिवस जेवणे’. एकमेकांचा वाराही न लागलेल्या या दोन समाजांना एकच युक्ती सुचावी, याचे कारण उघड आहे. दोन्हीकडे कोणाच्याही हातचे, कसेही शिजवलेले अन्न चालत नसे. आणि ज्या समाजाचे सोवळे कडक, त्याला आपल्या माणसाच्या परगावातल्या जेवणाची सोय आधी लावून ठेवावी लागते. ज्यू समाजाने ही सोय दोन हजार वर्षे कशी लावली आणि ती लावताना कोणाला दाराबाहेर ठेवले, हे येथे पाहायचे आहे.

प्रथम नियम थोडक्यात. ‘कोशेर’ म्हणजे धर्मनियमानुसार योग्य. ज्याचे खूर दुभंगलेले आहेत आणि जे रवंथ करते त्याच जनावराचे मांस चालते. तेही शिकलेल्या शोहेताने विधीने कापलेले आणि मीठ लावून रक्त काढलेले असावे लागते. मासळीला पर आणि खवले दोन्ही हवेत. मांस आणि दूध एकत्र येता कामा नये. दोहोंची भांडीही वेगळी. त्यातच शनिवारी, म्हणजे शब्बाथला, प्रवास आणि चूल दोन्ही बंद. शुक्रवारी सूर्य मावळताना अनोळखी गावात असलेल्या माणसाला सरायीचा काय उपयोग? त्याला स्वतःच्या धर्माचे घरच हवे.

म्हणूनच ज्यूंचे प्रार्थनागृह फार लवकर धर्मशाळाही झाले. जेरुसलेम येथील उत्खननात 1913च्या सुमारास एक ग्रीक शिलालेख मिळाला. तो इ. स. 70 मधील मंदिरविध्वंसापूर्वीचा मानतात. थिओडोटोस नावाच्या पुरोहिताने धर्मग्रंथाचे वाचन आणि आज्ञांचे शिक्षण यांसाठी सिनेगॉग बांधले, आणि परमुलखातून येणाऱ्या गरजूंसाठी खोल्या व पाण्याची सोय केली, असे त्यात कोरले आहे. पुढे इ. स. 200च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्नेत या आतिथ्याला मापच लावलेले दिसते. गावोगाव फिरणाऱ्या गरिबाला किती भाकरी द्यायची, तिचे किमान माप धान्याचा भाव धरून ठरवले आहे. तो रात्री राहिला तर निजण्याची सोय करावी. शब्बाथला राहिला तर तीन जेवणे द्यावीत. गावच्या गरिबांसाठी आठवड्याची पेटी वेगळी, आणि कोणत्याही गरजूसाठी रोजचे अन्नपात्र वेगळे. ज्याच्याजवळ दोन जेवणांपुरते आहे त्याने त्या पात्रातून घेऊ नये, हेही सांगितले आहे. तालमूदमधली एक नोंद तर फार बोलकी आहे. शुक्रवारी रात्रीचा द्राक्षरसावरचा आशीर्वाद घरी म्हणायचा, मग तो सिनेगॉगमध्येही का म्हणतात? कारण वाटसरू तेथेच खातात, पितात आणि निजतात!

या नियमांचा प्रत्यक्ष व्यवहार कसा चाले, हे कैरोच्या जुन्या फुस्तात भागातील बेन एझ्रा सिनेगॉगच्या कागदांतून कळते. देवाचे नाव असलेला कागद फाडायचा नाही, म्हणून तेथे शेकडो वर्षांचे कागद एका खोलीत साठले होते. 1896-97 मध्ये सॉलोमन शेख्टर यांनी त्यांतील बहुतांश केंब्रिजला नेले. पुढे गॉइटाइन यांनी त्यांवर आयुष्य वेचले. त्या कागदांत गरिबांना आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी, वाटलेल्या पावांच्या याद्या आहेत. त्यांत बायझंटाईन मुलखातून आलेल्या परक्यांची संख्या मोठी आहे. सिसिलीहून आलेले चीज नियमानुसार बनवलेले आहे, असे सांगणारे दाखले आहेत. आणि शिफारसपत्रे तर पुष्कळ आहेत. वाटसरूची खरी शिदोरी ही पत्रेच होती.

त्याच काळात, 1165 नंतरच्या दशकात, स्पेनमधील तुदेलाचा बेन्यामिन रोम, कॉन्स्टँटिनोपल, जेरुसलेम, बगदाद असा हिंडला. गावामागून गाव तो लिहीत जातो : येथे ज्यू किती, त्यांचे प्रमुख कोण. दक्षिण फ्रान्समधील ल्यूनेलविषयी तो सांगतो की, दूरदेशीच्या विद्यार्थ्यांचे शिक्षण, जेवण आणि कपडालत्ता तेथील समाज करतो. असा मजकूर हाती असलेल्या माणसाला पुढच्या मुक्कामी कोणाचे दार ठोठावायचे, हे विचारावे लागले नसेल.

ही साखळी आपल्या पश्चिम किनाऱ्यापर्यंत येत होती. ट्युनिशियाच्या महदिया गावचा अब्राहम बेन यिजू 1132च्या सुमारास मंगळुरात होता. तेथे त्याने पितळेच्या भांड्यांचा कारखाना चालवला आणि आशू या भारतीय स्त्रीशी संसार केला. एडनचे व्यापारी मित्र त्याला मालाबरोबर साखर, मनुका आणि लिहायला कागद पाठवत. 1149 मध्ये तो परतला, तेव्हा त्याची मुलगी एडनच्या अशाच एका मित्राच्या घरी तीन वर्षे राहिली. हिशेबाच्या वह्यांमधून न दिसणारे नाते येथे दिसते.

मात्र या आतिथ्याला शिस्तही होती. जर्मनी-पोलंडमध्ये पाहुण्यांना ‘प्लेटन’ नावाच्या चिठ्ठ्या देत. चिठ्ठीवर ज्या घराचे नाव, त्या घरी जेवण. भार सर्वांवर सारखा पडावा, हा हेतू. पण जिथे चिठ्ठी आली तिथे चिठ्ठी देणाराही आला, आणि त्याच्याबरोबर प्रश्न आला : हा माणूस खरोखर आपल्यातला आहे का?

हा प्रश्न कोकणातल्या बेने इस्राएलांना जितका सोसावा लागला, तितका थोड्यांनाच. अलिबागजवळ नवगावला त्यांचे पूर्वज गलबत फुटून लागले, अशी त्यांची परंपरा आहे. मराठी बोलणारे, तेल गाळणारे, शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून लोक त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. परंपरा सांगते की डेव्हिड रहाबी नावाचा परका ज्यू त्यांच्याकडे आला. त्याने घरच्या बायकांपुढे मिसळीची मासळी ठेवली. त्यांनी पर-खवल्यांची तेवढी वेगळी काढली, आणि त्याला आपली माणसे सापडली. ग्रंथ नव्हते, हिब्रू विसरली होती; ओळख टिकली ती स्वयंपाकघरात. 1796 मध्ये सॅम्युएल दिवेकर यांनी मुंबईत या समाजाचे पहिले सिनेगॉग उभारले, तेव्हा परगावच्या ज्यूला मराठी यजमान मिळाला.

तरीही नंतर मुंबईत आलेले बगदादी ज्यू त्यांना बरोबरीचे मानायला कचरत. इस्राएलमध्ये तर 1962 साली त्यांच्या विवाहांपूर्वी वंशाची चौकशी करण्याचा आदेश निघाला. त्यांनी निदर्शने केली, आणि 1964 मध्ये ते सर्वार्थाने ज्यू असल्याचे मान्य झाले. ज्यांनी शतकानुशतके मटणात दुधाऐवजी नारळाचा रस घालून नियम पाळला, त्यांनाच दारात उभे राहून दाखला द्यावा लागला. नियमाने माणसे जोडली, आणि त्याच नियमाच्या नावाने ती तोडलीही गेली.

ही परंपरा आजही चालू आहे. कुलाब्याच्या नरिमन हाऊसमध्ये गॅव्रिएल आणि रिव्का होल्झबर्ग हे तरुण दांपत्य प्रवाशांना कोशेर जेवण आणि शब्बाथची पंगत देत असे. नोव्हेंबर 2008 मधल्या हल्ल्यात पाहुण्यांसह दोघेही मारले गेले. त्यांच्या दोन वर्षांच्या मुलाला बाहेर काढले ते घरात काम करणाऱ्या भारतीय बाईंनी. त्या ज्यू नव्हत्या. 2014 मध्ये ते घर पुन्हा उघडले.

आपण स्वतः परमुलखात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले लोक आहोत. आपले मंडळ, आपला गणपती, आपली पंगत आपण जपली, आणि नव्याने आलेल्या मराठी माणसाला पहिले पान वाढले. ते योग्यच झाले. पण कोणाला आत घ्यायचे हे ठरवताना आपण काय तपासतो, त्याची बोली, त्याचे आडनाव की त्याची भूक, हे ज्यूंच्या इतिहासाकडे पाहून स्वतःला विचारावे. मिश्नेने भाकरीचे माप ठरवले. माणसाचे माप मात्र प्रत्येक पिढीच्या यजमानाला नव्यानेच ठरवावे लागते.