पाटकऱ्याचं फावडं

आबांच्या गोष्टींत राजा नव्हता, राक्षस नव्हता. पाटाचं पाणी शेतांत सोडणारा पाटकरी होता. साक्री तालुक्यात पांझरेच्या काठी माझ्या आईचं माहेर. मे महिन्याच्या सुटीत रात्री अंगणात खाटा पडल्या की आबा, म्हणजे माझे आजोबा, सुरू व्हायचे आणि त्यांचा पाटकरी खांद्यावर फावडं टाकून अंधारात निघायचा. कधी त्याला पाटात साप भेटायचा, कधी चोरून दारं मोडणारा शेतकरी. साप बहुधा बिनविषारी निघायचा.

त्या गोष्टी म्हणजे गावाच्या पाण्याचा इतिहास होता, हे मला फार उशिरा, आबा गेल्यावर कळलं. धुळे आणि नाशिक जिल्ह्यांत पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर तीन-चारशे वर्षांपासून दगडी बंधारे आहेत. नदीच्या पात्रात खडक वर आला असेल तिथे बुटकी भिंत घालायची, अडलेलं पाणी काठच्या पाटात वळवायचं आणि उताराने शेतात न्यायचं. ना मोट, ना मोटर. त्या पाण्यावर भिजणाऱ्या जमिनीला थळ म्हणतात. थळाचे तीन-चार मोठे भाग पाडलेले असतात, ते फड.

आबांची जमीन अशीच चार ठिकाणी विखुरलेली. वाटण्यांत भावाभावांची भांडणं झाली असणार, असं मला लहानपणी वाटायचं. खरं कारण उलटंच होतं. थळातल्या बहुतेक घरांचा प्रत्येक फडात एकेक तुकडा असायचा. एका फडात सगळ्यांचा ऊस, दुसऱ्यात सगळ्यांचा गहू, तिसऱ्यात बाजरी किंवा ज्वारी, आणि पुढच्या वर्षी पिकांची अदलाबदल. एका फडात एकच पीक असल्यामुळे पाणी एका टोकाने शिरून दुसऱ्या टोकाला निघायचं. उसाच्या ओलीने शेजारची बाजरी कुजायची नाही. शिवाय ऊस दरसाल जागा बदलायचा, म्हणून जमीन खारावत नसे. पाऊस कमी झाला की पंच बसायचे आणि ठरवायचे, यंदा उसाचा फड नाही. फारच ओढ असेल तर एकाच फडाला पाणी. त्या एका फडातही सगळ्यांचाच तुकडा. कोणाचं सगळं वाळलं आणि कोणाचं सगळं पिकलं, असं सहसा होत नसे.

मला यातली हुशारी सगळ्यात जास्त इथे दिसते. ही माणसं काही संत नव्हती. आबांचा एका चुलतभावाशी अबोला होता, तो दोघांपैकी एक जाईपर्यंत टिकला. पण त्याचं शेत बुडावं अशी इच्छा धरायची सोयच नव्हती. त्याच्या बांधाला लागून आबांचा तुकडा, पाणी तेच, पाळी तीच.

शिवाय पाण्याला हात लावायचा अधिकार शेतकऱ्याला नव्हताच. तो पाटकऱ्याचा. कोणत्या शेताला किती वेळ, आधी कोण, मग कोण, हे सगळं त्याच्या फावड्यावर. वरून हवालदार देखरेख करायचा आणि जागल्या पिकं राखायचा. तिघांचा मोबदला धान्यात, प्रत्येकाच्या जमिनीच्या मानाने. घरात कर्ता पुरुष नसलेल्या बाईचं शेतही त्यामुळे वेळेवर भिजायचं. तिला रात्री-अपरात्री कंदील घेऊन बांधावर उभं राहावं लागत नसे. आबांच्या गोष्टीत एकदा गावचा बडा माणूस पाटकऱ्याला दम देतो, माझं आधी भिजव म्हणतो. पाटकरी फावडं न थांबवता म्हणतो, “पानी कोना बापनं नही.” आबा हे वाक्य दर वेळी नव्या आवाजात म्हणायचे, आणि आम्ही दर वेळी हसायचो.

आजी मात्र हसायची नाही. एकदा मी तिला विचारलं, जागल्याच्या घरी गुऱ्हाळाचा गूळ यायचा का? ती म्हणाली, “यायचा. मागितला तर.” एवढंच म्हणाली आणि आत गेली. खानदेशात जागल्या बहुतेक भिल्ल असायचा. सगळ्यांचा ऊस राखणाऱ्याचा फडात तुकडा नव्हता, आणि तुकडा नाही म्हणजे पाणी नाही. हक्क जमिनीला चिकटलेला होता. फडाचं कौतुक करणाऱ्या लेखांत ही बाजू सहसा येत नाही. आबांच्या गोष्टींतही यायची नाही.

पाण्याची आणि जमिनीची ती गाठ सोडवली पुण्याचे अभियंते विलासराव साळुंखे यांनी, आणि तीही खानदेशात नव्हे. 1972च्या दुष्काळानंतर त्यांनी पुरंदर तालुक्यातल्या नायगावात देवस्थानची 40 एकर जमीन कराराने घेतली, बांधबंदिस्ती करून पाणी अडवलं, आणि पुढे पाणी पंचायत काढून नियम घातला: पाणी जमिनीवर नव्हे, घरातल्या माणसांवर. माणशी अर्धा एकर भिजेल एवढं, कुटुंबाला फार तर अडीच एकर. भूमिहीनालाही वाटा. उसाला बंदी. साळुंखे मोठे, पण आजीने ऐकलं असतं तर तिने पहिला प्रश्न विचारला असता की उसाशिवाय पाहुण्यांना काय घालायचं.

आमच्या गावचा फड एका दिवसात मोडला नाही. आधी थळात विहिरी झाल्या, मग वीज आली, मोटरा बसल्या. ज्याच्या विहिरीला पाणी त्याचा ऊस, कोणत्याही फडात, कोणत्याही वर्षी. पंचांना विचारायचं कारणच उरलं नाही. वर लाटीपाड्याला धरण झालं आणि पांझरेचं वाहणं आवर्तनावर गेलं. म्हणजे पाणी कधी सोडायचं ते पंच नव्हे, कार्यालय ठरवू लागलं. पुढे 2005 साली सरकारने कायदा करून सिंचनाचं व्यवस्थापन शेतकऱ्यांच्या संस्थांकडे देण्याची सोय केली. नाशिक जिल्ह्यातल्या ओझरला बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांच्या पुढाकाराने वाघाड धरणाचे शेतकरी 1991पासूनच ते करत होते. त्यांच्या हिशेबाच्या वह्या मी पाहिल्या तेव्हा सगळ्यात आधी पाटकऱ्याच्या पगाराचं पान शोधलं.

गेल्या दिवाळीत मामाकडे गेले होते. पाटात गवत, गवतात काळा प्लास्टिकचा पाइप, एका विहिरीकडून दुसऱ्या शेताकडे निघालेला. बंधारा शाबूत आहे. त्यावर पोरं उड्या मारतात. संध्याकाळी मामाने अर्धं पोतं बाजरी काढून ठेवली आणि सायकलवरून एक म्हातारा येऊन घेऊन गेला. जुन्या पाटकऱ्याचा मुलगा. पाट वाहून किती वर्षं झाली, हे कोणाला नक्की सांगता येईना.

मी मामाला म्हटलं, “आता कशाला देतोस?”

मामा पोतं शिवायच्या सुईला दोरा गुंडाळत म्हणाला, “फावडं अजून त्याच्याचकडे आहे ना.”