एंझाइमविरोधी प्रतिपिंडे
एखादे एंझाइम प्राण्याला टोचले असता त्याच्या रक्तरसात त्या एंझाइमाशी बद्ध होणारी जी प्रथिने तयार होतात त्यांना एंझाइमविरोधी प्रतिपिंडे म्हणतात. ही कोशिकांच्या अनेक वंशांत, म्हणजे क्लोनांत, निर्माण होतात व एंझाइमाच्या रेणूवरील निरनिराळ्या भागांना चिकटतात. म्हणून त्यांच्या मिश्रणास बहुक्लोनी म्हणतात. प्रयोगशाळेत एंझाइम ओळखण्याचे साधन म्हणून ती आज परिचित असली, तरी त्यांचा प्रारंभीचा इतिहास एंझाइम म्हणजे काय, या वादाशी निगडित आहे.

हिल्डेब्रांट यांनी १८९३ मध्ये सशांना इमल्सीन हे एंझाइम टोचले. मॉर्गेनरोट यांनी १८९९ मध्ये बकरीला रेनेट टोचून तिच्या रक्तरसात दूध साखळण्यास विरोध करणारा गुण उत्पन्न केला. मात्र टोचलेले द्रव्य अशुद्ध असल्याने प्रतिपिंडे नेमकी कशाविरुद्ध बनली, हे सांगता येत नसे.

ही अडचण जेम्स बॅचेलर सम्नर (१८८७–१९५५) यांच्या कार्यामुळे दूर झाली. तरुणपणी शिकारीतील अपघातात डावा हात गमावलेल्या या डावखुऱ्या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञांनी कॉर्नेल विद्यापीठात १९२६ मध्ये जॅक बीन या अबईच्या प्रजातीतील शेंगवेलाच्या बियांच्या पिठापासून, विरल ॲसिटोन वापरून, यूरिएजाचे स्फटिक मिळविले. स्फटिक प्रथिनाचे होते. एंझाइम प्रथिन नसून प्रथिन हे त्याचे केवळ वाहक असते, असे मानणाऱ्या व्हिल्श्टेटर यांच्या संप्रदायाने हा निष्कर्ष नाकारला. कर्क व सम्नर यांनी १९३१ मध्ये हेच स्फटिक सशांना टोचण्याचा प्रयोग प्रसिद्ध केला. यूरिएज रक्तातील यूरियाचे विघटन करून अमोनिया मुक्त करते, त्यामुळे मोठी मात्रा सशाला मारक ठरते. परंतु अल्प मात्रेपासून हळूहळू वाढवीत नेल्यास ससा ती सहन करतो व त्याचा रक्तरस यूरिएजाचा साका पाडतो. साक्यातही एंझाइमाची क्रियाशीलता बरीचशी टिकून राहते, हे विशेष. अर्थात हा पुरावा एकटा निर्णायक नव्हता. वाहक प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडेही एंझाइमाला सोबत ओढून नेऊ शकली असती. नॉर्थ्रप यांनी १९३० मध्ये मिळविलेल्या पेप्सिनाच्या स्फटिकांचा वाटाही येथे मोठा आहे. सम्नर यांना १९४६ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक नॉर्थ्रप व स्टॅन्ली यांच्यासमवेत मिळाले. पुढे १९७५ मध्ये यूरिएजात निकेल ही धातू आढळली; म्हणजे प्रथिनेतर घटकाची कल्पना अगदीच निराधार नव्हती.

कून्स यांनी १९४१ मध्ये प्रतिपिंडांना अनुस्फुरक रंजक जोडला आणि ऊतकातील प्रतिजन सूक्ष्मदर्शकाखाली दिसू लागले. नाकाने व पीअर्स यांनी १९६६ मध्ये रंजकाऐवजी पेरॉक्सिडेज जोडले; येथे एंझाइमच खुणेचे काम करू लागले. विद्युत् संचारणाने अलग केलेली प्रथिने नायट्रोसेल्युलोजाच्या पटलावर उतरवून प्रतिपिंडांनी ओळखण्याची रीत टोबिन व सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये वर्णन केली.

अनेक स्थानी चिकटत असल्याने बहुक्लोनी प्रतिपिंडे अल्प एंझाइमही दाखवितात, परंतु त्याच कारणाने सदृश प्रथिनांनाही चिकटू शकतात. शिवाय प्रत्येक प्राण्याचा रक्तरस निराळा असतो व प्राणी मेल्यावर तो पुन्हा मिळत नाही. कोलर व मिल्स्टाइन यांनी १९७५ मध्ये एकक्लोनी प्रतिपिंडांची कृती शोधली, तरीही बहुक्लोनी प्रतिपिंडे प्रचारात राहिली. २०१५ मध्ये ब्रॅडबरी व प्लुकथुन यांनी प्रतिपिंडांचा ॲमिनो अम्लक्रम निश्चित करूनच ती वापरावी, अशी मागणी केली. तोवर एंझाइम नसलेल्या ऊतकाचा नमुना सोबत तपासणे, हा या रक्तरसाची पारख करण्याचा एक खात्रीचा मार्ग होता व आजही आहे.