मान्यतेचा अर्ज आणि शाळेचा कारभार

शाळा काढणें आणि तिला मान्यता मिळविणें या दोन भिन्न गोष्टी आहेत. इमारत उभी राहिली, शिक्षक आले, मुलें बाकांवर बसलीं, तरी अभ्यासक्रमास अधिकृत मान्यता नसेल तर सार्वजनिक परीक्षेचें दार त्यांना बंदच राहतें. म्हणून शाळा काढणाऱ्या आपल्या धर्मगुरूंना व धर्मभगिनींना अर्जही लिहावे लागले आहेत.

या व्यवस्थेचा पाया सर चार्ल्स वुड यांच्या १९ जुलै १८५४ च्या शिक्षणविषयक खलित्यानें घातला. खाजगी शाळांस धर्मभेद न करतां सरकारी मदत द्यावी. मात्र त्यांचें शिक्षण चांगलें व व्यवस्था नीट असावी आणि सरकारी तपासणी त्यांनीं पत्करावी, असें त्यांत ठरलें. १८५७ सालीं मुंबई विद्यापीठ स्थापन झालें. आणि १८६९ सालीं येशूसंघीय धर्मगुरूंनीं काढलेलें मुंबईचें सेंट झेवियर्स कॉलेज त्यास जोडलें गेलें.

परंतु मान्यता देणाऱ्यानें शाळेचा कारभारच मागितला तर काय करावें? स्वतंत्र भारताच्या घटनेनें ३० व्या कलमांत धार्मिक व भाषिक अल्पसंख्यांस आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था स्थापण्याचा व चालविण्याचा हक्क दिला. केरळांतील १९५७ च्या शिक्षण विधेयकास तेथील कॅथलिक समाजानें कसून विरोध केला. राष्ट्रपतींनीं सर्वोच्च न्यायालयाचा सल्ला घेतला. मे १९५८ मध्यें न्यायालयानें सांगितलें कीं, हक्क सोडण्याच्या अटीवर मान्यता देणें म्हणजे तो हक्क हिरावून घेण्यासारखेंच आहे. तथापि कारभाराच्या हक्कांत गैरकारभाराचा हक्क येत नाहीं.

पुढची कसोटी गुजराथेंत लागली. तेथील विद्यापीठाच्या कायद्यांत १९७२ सालीं दुरुस्ती होऊन कॉलेजच्या नियामक मंडळावर कुलगुरूंचा प्रतिनिधि घेणें व शिक्षकास काढण्यापूर्वीं कुलगुरूंची संमति मिळविणें आवश्यक ठरलें. अहमदाबादच्या येशूसंघीय सेंट झेवियर्स कॉलेजनें त्यास हरकत घेतली. २६ एप्रिल १९७४ रोजीं नऊ न्यायाधीशांच्या पीठानें बहुमतानें ठरविलें कीं, हीं बंधनें अल्पसंख्यांच्या संस्थांवर लादतां येणार नाहींत. त्याच निकालांत असेंही स्पष्ट झालें कीं, संलग्नता हा मूलभूत हक्क नाहीं, आणि शिक्षकांची पात्रता, अभ्यासक्रम व आरोग्य यांविषयींचे वाजवी नियम संस्थेनें पाळलेच पाहिजेत.

वाचकहो, यांतला बोध उघड आहे. मान्यतेसाठीं अर्ज करण्यांत कसलाही कमीपणा नाहीं, कारण त्यानें मुलांच्या शिक्षणास मोल येतें. घटनेच्या संरक्षणाआड ढिलाई मात्र लपवितां येत नाहीं. तपासणीस आलेल्या अधिकाऱ्यापुढें हजेरीपट, हिशेब व ग्रंथालय निःसंकोच ठेवतां आलें, तरच कारभार आमच्या हातीं राहूं द्या, असें आपणांस ताठ मानेनें म्हणतां येईल. आपल्या शाळांच्या चालकांस परमेश्वर ती शक्ति देवो.