पाखराला गाणे कोण शिकवते?

कोकिळेचे पिल्लू कावळ्याच्या घरट्यात वाढते, हे आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. कावळीण त्याला भरवते, दिवसभर त्याच्या कानावर कावकाव पडते, तरी मोठा झालेला नर कुहूकुहूच करतो. ते गाणे त्याच्या रक्तातच असते. गंमत अशी की, शास्त्रज्ञांच्या वर्गवारीत कावळा गायक पक्ष्यांच्या कुळात बसतो आणि कोकीळ बसत नाही! आम्हा कवींना हे पचायला जरा जड आहे. पण चंडोलासारखी जी खरी गायक मंडळी आहेत, त्यांना आपले गाणे कुणाचे तरी ऐकून शिकावे लागते. मग प्रश्न असा की, पिल्लू कानावर पडेल ते शिकते की निवडून शिकते?

डेन्स बॅरिंग्टन नावाच्या इंग्रज कायदेपंडिताला हा प्रश्न पडला. लहानग्या मोझार्टची लंडनमध्ये परीक्षा घेणारे गृहस्थ ते हेच. त्यांनी लिनेट या पक्ष्याची पिल्ले घरट्यातून काढली आणि कुणाला चंडोलाच्या शेजारी, कुणाला दुसऱ्या जातीच्या गायकाशेजारी पिंजऱ्यात ठेवले. ज्याला जो गुरू मिळाला, त्याचेच गाणे तो गाऊ लागला. पुढे आपल्या जातभाईंचे गाणे ऐकूनही त्यांतल्या एकाने शिकलेले गाणे सोडले नाही. माणसाला भाषा जशी उपजत नसते तसेच पाखराला गाणे उपजत नसते, असा निष्कर्ष बॅरिंग्टन यांनी १७७३ साली रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात मांडला.

पावणेदोनशे वर्षांनी, १९५०च्या दशकात, केंब्रिजला विल्यम थॉर्प यांच्या हाती नवे यंत्र आले. ते आवाजाचे चित्र कागदावर उमटवी. आता कानावर विसंबायला नको. थॉर्प यांनी चॅफिंच पक्ष्याची पिल्ले एकेकटी वाढवली. कुणाचेच गाणे न ऐकलेली ती पिल्ले मोठेपणी गायलीच! गाण्याची लांबी साधारण बरोबर, पण त्यात कडवी नव्हती आणि शेवटची लकेर नव्हती. म्हणजे पाटी अगदीच कोरी नव्हती, तिच्यावर पुसट रेघा होत्या.

या रेघा कशा काम करतात ते थॉर्प यांचे शिष्य पीटर मार्लर यांनी अमेरिकेत दाखवले. तिथल्या डोक्यावर पांढरे पट्टे असलेल्या चिमणीला ध्वनिफितीवर स्वजातीचे आणि परजातीचे अशी दोन्ही गाणी ऐकवली, तर ती स्वजातीचेच उचलते, तेही वयाच्या साधारण दहाव्या ते पन्नासाव्या दिवसांत. आधी कधी न ऐकलेले गाणे आपले आहे हे तिला कसे कळते? १९७७ साली मार्लर आणि सुझन पीटर्स यांनी त्याहून बारीक प्रयोग केला. दोन जातींच्या चिमण्यांच्या गाण्यांतले सूर कापून त्यांनी उलटसुलट जोडले. स्वँप स्पॅरो या चिमणीच्या पिल्लांनी आपल्या जातीचे सूर परक्या चालीतूनही वेचून घेतले आणि परके सूर सोडून दिले.

मग बॅरिंग्टन चुकले का? तसेही नाही. १९८४ साली लुईस बाप्टिस्टा आणि त्यांच्या सहकाऱ्याने ध्वनिफितीऐवजी जिवंत गुरू दिला, तेव्हा पांढऱ्या पट्ट्यांच्या चिमण्या पन्नास दिवस उलटल्यावरही शिकल्या. काही तर चक्क आपल्याकडच्या लाल मुनियेचे गाणे शिकल्या! (मुनियेच्या शास्त्रीय नावात आपले अहमदाबाद दडले आहे.) बॅरिंग्टन यांच्या पिंजऱ्यांतले गुरूही जिवंतच होते. उपजत ओढ असते, पण सहवास तिच्यावर मात करू शकतो.

ही ओढ किती चिवट असते ते २००९ साली न्यूयॉर्कमधल्या प्रयोगात दिसले. एकट्या वाढलेल्या झेब्रा फिंच नराचे बेढब गाणे पिल्लांना शिकवले. त्यांनी नक्कल केली, पण थोडी दुरुस्ती करून. त्यांच्या शिष्यांनी आणखी केली. तीन-चार पिढ्यांत गाणे रानातल्या गाण्याच्या जवळ आले. मला विचाराल तर या साऱ्या इतिहासातला हा सर्वांत सुंदर प्रयोग.

पण त्यासाठी पिढ्या हव्यात. ऑस्ट्रेलियातल्या रीजंट हनीईटर या पक्ष्याकडे तेवढी उसंत नाही. रानात ते जेमतेम तीनशेच्या आसपास उरल्याचा अंदाज होता. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सुमारे १२ टक्के नर स्वजातीचे गाणे गातच नव्हते. जवळपास गुरू नाही, म्हणून दुसऱ्याच जातींची गाणी त्यांनी उचलली होती. वेगळे गाणे गाणाऱ्या नरांना जोडीदारीण मिळणेही अवघड होते. म्हणून सिडनीच्या तारोंगा प्राणिसंग्रहालयात जन्मलेल्या पिल्लांना ध्वनिमुद्रणे ऐकवली गेली आणि रानात वाढलेले नर त्यांचे गुरू म्हणून आणले गेले.