सांगावा

आजा सांगायचा, त्याच्या बापाला जन्मभर आठवत राहिला तो वेळेवर न दिलेला सांगावा.

गावात कुणी मेलं की सोयऱ्यांच्या गावी मयताचा सांगावा पोचवायचं काम महारांचं. खांद्यावर घोंगडी, हातात घुंगराची काठी घेऊन माझा पणजा निघायचा. चिठ्ठी नाही, चपाटी नाही. कोण गेलं, कधी गेलं, माती कधी, एवढं तोंडात घोळवत चालायचं. वाटेत कुणाशी गप्पा नाहीत, नाहीतर इकडचं नाव तिकडं व्हायचं.

एकदा आठ कोस तुडवून पोचला, तर दारात मांडव. सांगावा होता नवरीच्या मामाचा. बोललं की सुतक, आणि लग्न राहिलं. पण कानावर पडलंच नाही, तर सुतक कसलं? पणजा मांडवाबाहेर पिंपळाखाली जाऊन बसला. "कुठल्या गावचा रं?" कुणी विचारलं. त्यानं भलतंच गाव सांगितलं. आत बायका मामाची वाट बघत होत्या. अक्षता पडल्या. बाहेर बसलेल्यांना लांबून पत्रावळी वाढल्या.

"जेवला का गं बाई तो?" ही गोष्ट ऐकताना आई दरवेळी विचारायची.

"जेवला की. आठ कोस चाललेला माणूस."

वरात निघून गेल्यावर त्यानं तोंड उघडलं. माती तोवर कधीच उरकली होती. परतल्यावर पाटलाच्या शिव्या खाल्ल्या, पण उशीर का झाला ते सांगितलं नाही.

या पायपिटीला मजुरी नव्हती. वतनाच्या जमिनीचा तुकडा आणि दारोदारची भाकर, त्यावर रात्रंदिवस राबायचं. 1874च्या वतन कायद्याची बेडी ढिली करायला डॉ. आंबेडकरांनी 1928 साली मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडलं. वतनं प्रत्यक्ष गेली ती 1958च्या कायद्यानं. तीस वर्षं! तोवर माझा पणजा चालून चालून मरूनही गेला होता.

पोस्टकार्ड 1879 सालीच आलं होतं, पाव आण्याला. पण पाव आण्यापेक्षा पणजा स्वस्त होता. पुढं कधीतरी गावानं मयताची कार्डं धाडायला सुरुवात केली, एक कोपरा फाडून. कोपरा दिसला की काय ते कळायचं. दारातच वाचायचं, तिथंच फाडून टाकायचं, वर आंघोळ. सांगावा आणणाऱ्या माणसाला जो नियम, तोच कार्डाला: उंबऱ्याच्या बाहेर.

आमच्या घरानं 1956 नंतर धम्म घेतला आणि सुतक सोडलं. तसलं कार्ड आलं की आजा ते आत न्यायचा, माझ्याकडून दोनदा वाचून घ्यायचा आणि खुंटीच्या तारेत बाकीच्या पत्रांत ओवून ठेवायचा. शेजारच्या म्हातारीनं एकदा हटकलं, तर तिला म्हणाला, "एवढ्या लांबनं आलंय. भाईर कुठं ठेवायचं त्याला?"